मुद्देमालाचं डोहाळजेवण

बाबा,

आधी माझी तक्रार नोंदवून घ्या, मग बाकीचं. परवा मानोऱ्यात माझा सत्कार झाला आणि मला शाल पांघरण्यात आली. एप्रिल महिन्यात, भर दुपारी, पत्र्याच्या सभागृहात. शाल लोकरीची होती आणि तिच्या काठाची जर मानेला टोचत होती. पंखा एकच, त्याचं तोंड अध्यक्षांकडे. वाऱ्याने त्यांचं भाषण उडू नये म्हणून कागदावर नारळ ठेवला होता, तोही मला देऊन झालेला. शाल काढावी तर अपमान, ठेवावी तर घामोळं. आपल्या भागात माणसाचा गौरव करायचा म्हणजे आधी त्याला वाफवून घ्यायचं, ही पद्धत कोणी पाडली याची चौकशी व्हावी, अशी माझी मागणी आहे. ती मंजूर होणार नाही. गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून तुमचा जन्म गेला, मंजूर न होणाऱ्या मागण्यांबद्दल मी तुम्हाला काय सांगणार.

तशा वाफवलेल्या अवस्थेत मला 'सरकारी डोहाळे' वाचायला सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, दुसरं काही वाचू देतच नाहीत. एकोणिसाव्या वर्षी लिहिलेला लेख. त्यानंतर इतकी वर्षं मी दर आठवड्याला कोणाची ना कोणाची साल काढत आले, पुढाऱ्यांची, कवींची, स्वतःचीही; पण व्यासपीठावर उभी राहिले की मागून आवाज येतो, माकडीचं होऊ द्या. मग मी माकडीचं करते. कुठे थांबायचं, कुठे भुवई उचलायची, कोणत्या शब्दाला हशा येणार, सगळं पाठ. परवाही लोक हसले. हसणं ओसरता ओसरता पहिल्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, आणि माईकपेक्षा मोठ्याने म्हणाला, "ते माकडीची सासू अजून जित्ती हाय ना बे. तिलेबी बलवाले पायजे होतं." त्यावर माझ्या लेखापेक्षा मोठा हशा झाला. माझ्या पर्समध्ये माझ्या निवडक लेखांच्या पुस्तकाची मुद्रितं होती, सोमवारी प्रकाशकाला परत द्यायची. पहिलाच लेख 'सरकारी डोहाळे', आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात 'माकडीची सासू' हे नाव. मी दिलेलं, आपल्या दवाखान्यातल्या काकूंना. मला वाटत होतं, काकू केव्हाच गेल्या असतील.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. इतकी वर्षं मी ते विनोदी करून सांगितलं, एकदा साधं सांगून बघू. पोहरादेवीच्या यात्रेत एका मदाऱ्याजवळून वनखात्याच्या माणसांनी एक माकड धरलं. मादी. आपल्याकडची सगळी काळ्या तोंडाची वानरं, ही लाल तोंडाची, कुठल्या मुलखातून आणलेली कोण जाणे. सोडावी तर इथल्या रानात तिचं कोणी नाही, ठेवावी तर जागा नाही. म्हणून चार दिवसांसाठी ती आपल्या दवाखान्यामागे, पिसाळलेल्या कुत्र्यांसाठी केलेल्या पिंजऱ्यात आली. मदारी जामिनावर सुटला आणि नाहीसा झाला. आरोपी फरार म्हणून खटला उभा राहीना, खटला संपेना म्हणून पुरावा हलवता येईना. आणि पुरावा ती होती. कागदावर तिचं नाव 'मुद्देमाल: माकड, मादी, एक'. चार दिवसांची सात वर्षं झाली. त्यात आपला जिल्हा वेगळा झाला. फाइल अकोल्याला राहिली, माकड वाशिमच्या वाट्याला आलं, आणि दोन्हीकडची कार्यालयं एकमेकांना लिहीत राहिली की सदर प्राणी आपल्या कक्षेत येत नाही. हे मी लेखात घातलं होतं. हे अजूनही बरं जमलंय.

ती आली तेव्हा मी बारा वर्षांची. क्वार्टरच्या ओट्यावर बसलं की पिंजरा समोर. शनिवारी लोक तिच्यापुढे रांग लावतात. लाल तोंड म्हणजे शेंदूर, असा सगळ्यांचा समज. केळी, पेढे, गूळ-फुटाणे, उपासाची साबुदाण्याची उसळ, जे ज्याच्या हाताला लागेल ते गजांतून आत. कडुनिंबावर वानरांचा कळप उतरला की ती हातातला पेढा टाकून गज धरून बघत राहते. ते तिच्याकडे बघत नाहीत. ती फुगत गेली, पाठीवरचे केस गेले. तुम्ही दर महिन्याला तिच्या पाळीचे दिवस दवाखान्याच्या जुन्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर लाल पेन्सिलीने टिपत होता. किती दिवस, किती गेलं, त्या दिवसांत खाल्लं की नाही. आणि जेवताना ते सांगायचात. या खेपेला नऊ दिवस झाले, अजून थांबलं नाही. आई ताक आणायच्या निमित्ताने उठून जायची, मी ताटात बोट फिरवत बसायची. त्याच घरात मी महिन्याचे तीन दिवस पडवीत बसत होते, वेगळ्या ताटात जेवत होते, आणि त्याला 'बाहेरची' यापलीकडे शब्द नव्हता. चार पावलांच्या अंतरावर दोघी अडकलेल्या, आणि नोंद एकीचीच होत होती. गेल्या महिन्यात माझ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी कधीपासून मागेपुढे व्हायला लागली, पूर्वी दुखायचं का, किती दिवस. मला काही सांगता येईना. हार्मोनच्या तपासण्या लिहून देता देता त्या म्हणाल्या, काहीच लिहून ठेवलं नाहीत का? मी म्हणाले, आमच्याकडे लिहून ठेवत असत, पण माकडीचं. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखी गंमत करतेय.

पिंजऱ्यातल्या सहाव्या वर्षी माकडीचं रक्त लांबलं, मग महिनेच्या महिने बंद झालं, मग पुन्हा धो धो. तेव्हा ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि स्वतःचाच दंड चावायची. आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर म्हशींच्या गर्दीतून मान वर काढून म्हणाले, हार्मोनचा घोटाळा असेल, आणि मान पुन्हा खाली घातली. तुम्ही मग शिरपूर जैनला दर्शनासाठी येणारे अकोल्याचे एक जनावरांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर गाठले आणि त्यांच्यापुढे ती नोंदवही उघडली. ते म्हणाले, कोंडून ठेवलेल्या, पिल्लू न झालेल्या माकडिणींत हे दिसतं. पाळी येत राहते, येत राहते, मध्ये गाभण राहण्याची, पाजण्याची विश्रांती नाही. गर्भाशयाच्या आतलं अस्तर भलत्या जागी रुजतं, आतड्यावर, अंडाशयावर. हे तुम्ही मला ओट्यावर बसून समजावलं होतं. "पाळी आली का तिथंबी रगत सुटते. पन त्याले भाईर याले वाटच नाई. आतल्या आत साचते अन् गाठ होते." मी काहीतरी वाचत होते, मान न वळवता हं म्हटलं. हं म्हणजे ऐकलं असं नव्हे, हा पुढे आयुष्यभराचा माझा बचाव झाला. त्यानंतर तिचं पोट वाढायला लागलं.

आणि काकूंनी जाहीर केलं की ती गरवार आहे. काकू म्हणजे आपल्या दवाखान्यातल्या परिचराची बायको. स्वतःला मूलबाळ नाही. पिंजरा धुणं, पाणी भरणं हे नवऱ्याचं काम, पण करायच्या त्याच. सात वर्षांत त्या पिंजऱ्याच्या आसपास तिच्या जातीचा नर फिरकला नव्हता. गावाने हरकत घेतली नाही. उलट आठवड्याच्या आत डोहाळजेवण ठरलं. बाजारपेठेतल्या बाया आल्या, तांड्यावरच्या आल्या, गजांना हिरव्या बांगड्या अडकवल्या, फुलांचे दागिने आत सोडले. तिने गजरा खाल्ला. हिरवा खण डोक्यावर घेतला आणि पदर घेतल्यासारखी बसली, तेव्हा एका म्हातारीने खरंच हात जोडले. गव्हाने आणि नारळाने ओटी भरली. ओटी म्हणजे पिंजऱ्यापुढची फरशी. सगळ्यांना पंगत, पुरणपोळी. तिच्यापुढे मात्र काकडी आणि मोड आलेली मटकी. मुलगा की मुलगी ओळखायला पेढा आणि बर्फी झाकून ठेवतात ना, त्या दोन्ही वाट्यांतही काकडीच निघाली. मी हसून हसून ओट्यावर लवंडले. तुम्ही दवाखान्याच्या दारात हात मागे बांधून उभे होता. मला वाटलं, तुम्हाला लाज वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी मी बसले आणि एका दमात लेख लिहिला. जिल्ह्याच्या पेपरने पुढच्या रविवारी छापला. जन्माच्या दाखल्यावर वडिलांच्या रकान्यात वनखात्याचं नाव लिहावं, ही त्यातली सगळ्यात गाजलेली ओळ. ती इतकी गाजली की त्या खात्याच्या इथल्या साहेबांना चहाच्या टपरीवर लोक बाळंतविडा कधी आणू असं विचारायला लागले. साहेब चिडले. शासकीय आवारात खाजगी समारंभ कसा झाला, म्हणून तुम्हाला नोटीस आली. मुद्देमालाला लेखी परवानगीशिवाय कोणी हात लावू नये, असा हुकूम आला. पिंजऱ्याला नवं कुलूप आलं आणि त्याची किल्ली साहेबांच्या टेबलात गेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला कळवलं की आता तुमचं माकड पेपरात आलंय, मी त्याला सुरी लावली तर माझी नोकरी जाईल. ते येणार होते, बिनकागदी, एका रविवारी, हे मला तेव्हाच कळलं. परवानगीसाठी तुम्ही अर्ज केला. अर्ज अकोल्याला गेला, तिथून वाशिमला आला, वाशिमहून फाइल मागवायला पुन्हा अकोल्याला गेला. दोन महिन्यांत ती मेली.

तुम्ही शवविच्छेदनाला उभे होता. घरी येऊन मोरीत हात धूत राहिलात. आत काळं, दाट, काकवीसारखं रक्त साचलं होतं, म्हणालात, जुनं, किती महिन्यांचं कोण जाणे. मी टॉवेल घेऊन उभी. तुम्ही टॉवेल घेतला नाही. "लेख चांगला जमला तुहा. लोक हासले. पन तिले दुखे, हे तुले मालूम होतं ना?" मी म्हणाले, नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "मंग ठीक हाय." एवढंच. मी वाट पाहत राहिले, त्या दिवशी, त्या वर्षी, तुम्ही दवाखान्यातून निवृत्त झालात तेव्हा, शेवटच्या आजारपणात तर रोज. तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. तुम्हाला जाऊन आता एकवीस वर्षं झाली. त्या 'ठीक हाय' मधून मला बाहेर पडता आलेलं नाही. मी लोकांना हसवत असते, आणि आत कुठेतरी टॉवेल धरून उभी असते.

तर परवा सभागृहातून निघाले आणि विचारत विचारत काकूंकडे गेले. रिक्षावाल्याला त्यांचं खरं नाव सांगितलं तर त्याला कळेना. मग मला ते दुसरं नाव उच्चारावं लागलं, आणि त्याने तीन मिनिटांत दारात नेऊन सोडलं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची सावली. काका गेले. काकू बाजेवर बसून होत्या, एक पाय सरळ सोडलेला. मला ओळखायला वेळ लागला नाही. बापाचं नाक हाय, म्हणाल्या. मी कसंबसं सांगितलं की त्या लेखाचं पुस्तक होतंय, त्यात तुमच्याबद्दल वाईट लिहिलंय, तुम्हाला विचारायला आले. त्या म्हणाल्या, "मले कायले इचारतं? म्या त वाचलाच नाई कदी. वाचता कुठं येते मले? सारे मले त्यातल्याच नावानं हाका मारतेत, पन वाचून कोनी नाई दाखवला. वाच बरं."

बाबा, मी तो लेख शेकडो वेळा वाचलाय. थांबायच्या जागा आल्या, मी सवयीने थांबले, आणि तिथे काहीच आलं नाही, नुसत्या काकू बघत होत्या. खण डोक्यावर घेतल्याच्या जागी मात्र त्या खुदकन हसल्या. तसंच केल्तं तिनं, म्हणाल्या, अस्सल सून दिसे. 'माकडीची सासू' आलं तेव्हा कोणी हाक मारल्यासारखी त्यांनी मान हलवली. लेख संपला. मग म्हणाल्या, आन् पथ्याचं कुठं हाय यात?

कसलं पथ्य, मी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला अट घातली होती की पंधरा दिवस तिच्या पोटात गोड, तेलकट काही जाता कामा नये, अंग थोडं उतरलं पाहिजे, नाहीतर गुंगीच्या इंजेक्शनातून ती उठणार नाही. तुम्ही लोकांच्या हातापाया पडलात. देवाला पेढा देऊ नका असं कोण ऐकणार? तुम्ही पाटी लावली, तर कोणीतरी पाटीलाच पेढा चिकटवून गेलं. मग काकू तुम्हाला म्हणाल्या, गरवार हाय म्हणून सांगा. गरवार बाईला पथ्याबाहेरचा घास कोणी भरवत नाही, शत्रूसुद्धा नाही. आणि तसंच झालं. गावात ती बातमी पसरली त्या दिवसापासून एक पेढा आत गेला नाही. म्हाताऱ्या आळीपाळीने पिंजऱ्यापाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या तपासत होत्या. डोहाळजेवण त्याचसाठी, सगळ्या गावाने एकदम ऐकावं म्हणून. काकडीच्या वाट्या त्याचसाठी. "ते गरवार नोती हे मले समजत नोतं का व? डोये होते ना मले." बारा दिवस निभले. तीन राहिले होते. तेवढ्यात रविवार आला आणि माझा लेख आला.

मी विचारलं, मग मला कोणीच का नाही सांगितलं, इतक्या वर्षांत? काकूंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "म्या निंगाली होती तुले सांगाले. तुह्या बापानं हात जोडले मले. म्हने, वयनी, तिचं पयलंच छापून आलं हाय. हे समजलं त पोरगी पुन्हा पेन नाई धरनार."

गाव फसलं होतं ते ठरवून फसवलेलं होतं, आणि त्यात त्या जिवाचं भलं होतं. आपणहून, फुकट, फक्त मी फसले; आणि त्या फसण्याचं मानधन घेत, गावोगाव फिरत, शहाणी म्हणून मिरवत आले. तुम्ही दारात हात बांधून उभे होता ते लाजेने नव्हे. तुम्ही दिवस मोजत होता.

लेख काढून टाकते, मी म्हणाले. काकू म्हणाल्या, कायले काढतं, हसतेत तर हसू दे, फक्त तिचं दुखणं घाल त्यात. मी काल दिवसभर बसून बघितलं. शिरत नाही, बाबा. तो लेख मी इतका घट्ट विणलाय की त्यात दुखण्याला जायला फट नाही. सकाळी प्रकाशकाला सांगितलं, पहिला लेख वगळा. तो म्हणाला, मग पुस्तक घेणार कोण? मी म्हणाले, तेही कळेल. त्याच्या जागी हे पत्र देता येईल असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण द्यायचं ठरवलं की मी याच्यातही थांबायच्या जागा करीन. म्हणून हे कुठे जाणार नाही. तुमच्याकडे तर जाणारच नाही, तुम्ही उत्तर मागायचंच सोडून दिलं होतं.

एक सांगायचं राहिलं. मी निघाले तेव्हा काकूंना बाजेवरून उठता येईना. गुडघा. पुतणी संध्याकाळी येऊन एरंडाचं पान शेकून बांधते, म्हणाल्या, आज ती वाशिमला गेलीय. परसात एरंड होता. मी जाऊन दोन पानं तोडली, फार कोवळी नव्हेत, फार जून नव्हेत. मधली जाड शीर सुरीने तासून काढली. गुळगुळीत बाजूला तेल लावलं, तव्यावर काळी पडू न देता शेकली, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितलं, आणि गुडघ्यावर ठेवून वरून फडकं गुंडाळलं. काकू माझ्या हातांकडे बघत होत्या.

"बराबर करतं व. शीरबी काढली. कोनी शिकवलं तुले? मायनं?"

मी गाठ मारली. "नाही काकू. तुम्ही रोज गजांतून तिच्या कमरेला लावत होता ना. मी पाहत होते. लेख लिहायच्या आधीपासून."